सीनियर लिव्हिंगमध्ये फ्लॅट घेताय? क्लबहाऊस नंतर बघा, आधी केअरचं विचारा

पुण्यात, नाशकात किंवा कर्जत-नेरळच्या बाजूला सीनियर सिटिझन्सच्या कॉम्प्लेक्समध्ये जाऊन राहायचं का, असं ज्यांच्या घरात बोलणं चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. आम्ही दोघं अशाच ठिकाणी राहतो, यांना पार्किन्सन्स आहे, मी अजून धडधाकट आहे, आणि जुन्या सोसायटीतले, नात्यातले लोक फोन करून सारखं विचारतात की काय बघायचं, काय विचारायचं. तर एकदाच सगळं नीट सांगते.

वृद्धाश्रम वेगळा आणि हे वेगळं. इथे स्वतःचा फ्लॅट, स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःच्या दाराची किल्ली, कुठे जाता कधी येता कोणी विचारत नाही, आणि त्याच आवारात नर्स, ठरलेल्या वेळी येणारे डॉक्टर, जेवायला डायनिंग हॉल, घरात इमर्जन्सी बटन, आणि लागलंच तर मदतीला माणूस. पुण्यात अथश्रीचं नाव बहुतेकांना माहीत असतं, नेरळला डिग्निटीचं आहे, आणि आता तर बऱ्याच बिल्डरांनी असे प्रोजेक्ट काढलेत. ब्रोशर सगळ्यांची सारखीच असतात, बाग, हास्यक्लब, लायब्ररी, कॅरम. ते सगळं छान आहे, मी रोज बागेत जाते. पण फ्लॅट आपण घेतो तब्येत चांगली असताना, आणि केअर लागते ती तब्येत बिघडल्यावर, त्यामुळे बघायला जातो तेव्हा आपलं लक्ष नेमकं चुकीच्या गोष्टींवर जातं.

म्हणून माझं सांगणं एकच असतं. प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न घेऊन जा: मी रात्री बाथरूममध्ये पडले आणि खुब्याचं हाड मोडलं, तर त्या रात्रीपासून पुढचे तीन महिने इथे माझं काय होईल? सेल्सवाल्या मुलाला हे विचारा, नर्सला वेगळं विचारा आणि तिथे राहणाऱ्या दोघाचौघांना वेगळं विचारा. तिघांची उत्तरं जुळली तर पुढे जा.

त्या रात्री

आधी बटन. बेडरूममध्ये असतंच, पण बाथरूममध्ये आहे का आणि असलं तर किती उंचीवर आहे ते बघा, कारण पडलेला माणूस जमिनीवर असतो, चार फुटांवरचं बटन त्याच्या काय उपयोगाचं. दोरी असेल तर ती पार खालपर्यंत लोंबती हवी, साफसफाई करताना अडते म्हणून बऱ्याच घरांत गुंडाळून वर बांधून ठेवलेली असते, ती आल्याआल्या सोडायची. मग विचारा की बटन दाबलं की वाजतं कुठे? सिक्युरिटीच्या केबिनमध्ये की नर्सिंग स्टेशनला? रात्री दोन वाजता तिथे कोण असतं? ती जीएनएम किंवा एएनएम हे नर्सिंगचे कोर्स केलेली नर्स आहे की नुसता युनिफॉर्म घातलेली अटेंडंट? दोघींची गरज असते, पण बीपी पडलंय, शुगर उतरलीय, हे ओळखून काय करायचं ते नर्सला कळतं. सरळ विनंती करा की एकदा बटन दाबून दाखवा, आणि शक्य असेल तर रविवारी दुपारी किंवा रात्री जेवणानंतर दाबा, तेव्हाच खरं कळतं. जे लोक चांगलं काम करतात ते नाही म्हणत नाहीत.

मग दार. नर्स धावत आली आणि तुम्ही आतून कडी घातलेली असली तर ती बाहेरच उभी राहणार. मास्टर की कोणाकडे असते, ती किती जणांच्या हातात जाते, याची नोंद ठेवतात का, हे विचारा, आणि राहायला गेल्यावर आतली कडी न लावता फक्त लॅच लावायची सवय करा. आयुष्यभर दोन कड्या आणि साखळी लावून झोपलेल्या बायकांना हे फार जड जातं, मला माहितीये, पण करा. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं हवं, आत उघडणारं असेल तर पडलेल्या माणसाच्या अंगावरच ते अडकतं आणि उघडता येत नाही. नवीन प्रोजेक्ट असेल तर बिल्डरकडून आधीच बदलून घ्या.

अँब्युलन्स आवारातच उभी असते की 108 ला फोन करतात? उभी असेल तर रात्री ड्रायव्हर असतो का? लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं जातं का, हे टेपने मोजून बघा. आणि हॉस्पिटल. ब्रोशरमध्ये अमुक हॉस्पिटल दहा मिनिटांवर असं लिहिलेलं असतं, ते बहुतेक पहाटेचं असावं! तुम्ही संध्याकाळी साडेसहाला स्वतः गाडी घेऊन जाऊन बघा. तिथे चोवीस तास सीटी स्कॅन होतो का हे नक्की विचारा, कारण मेंदूत गुठळी होऊन स्ट्रोक आला तर ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि तो वेळ लक्षणं सुरू झाल्यापासून मोजतात, हॉस्पिटलात पोचल्यापासून नाही. गावाबाहेरची जागा शांत असते, हवा चांगली असते, स्वस्तही पडते, पण हार्टचा किंवा स्ट्रोकचा त्रास आधीच असेल तर मी तरी शहराच्या जवळचीच जागा बघायला सांगेन.

घरी आल्यावरचे तीन महिने

ऑपरेशन झालं, आठ दिवसांनी डिस्चार्ज मिळाला, आता वॉकर आहे, अंघोळीला मदत लागते, रात्री उठवायला माणूस लागतो. इथे खरी परीक्षा. काही ठिकाणी तुमच्याच फ्लॅटमध्ये माणूस देतात, काही ठिकाणी त्याच आवारात असिस्टेड लिव्हिंगची, म्हणजे रोजच्या कामांत मदत मिळणारी, वेगळी विंग असते तिथे काही दिवस राहायचं आणि बरं वाटलं की परत आपल्या घरी, आणि काही ठिकाणी सांगतात की आमचं फक्त इंडिपेंडंट लिव्हिंग आहे, तुमचं तुम्ही बघा. तिन्हीपैकी आपलं कुठलं ते सही करण्याआधी माहीत पाहिजे.

करारात एक कलम असतं, स्वतःचं स्वतः करता येणं थांबलं तर काय, याबद्दल. कधी ते पार शेवटी असतं, कधी नियमावलीच्या वेगळ्या पुस्तिकेत असतं. ते शोधून वाचा. कोण ठरवणार की मला आता स्वतःचं करता येत नाही? त्यांचा डॉक्टर की माझाही डॉक्टर? किती दिवसांची नोटीस? जोडप्यातल्या एकालाच असं झालं तर दुसऱ्याचं काय? डिमेन्शियाचं वेगळं विचारा, कारण हाड मोडलेल्या माणसाला सांभाळणारी जागा रात्री दार उघडून बाहेर जाणाऱ्या माणसाला सांभाळेलच असं नाही, त्याला वेगळी शिकलेली माणसं लागतात, बंद होणारं आवार लागतं.

आणि एक गोष्ट कोणाला न विचारता कळते. संध्याकाळी पाच वाजता बागेत जाऊन बसा आणि बघा की व्हीलचेअरवर, वॉकरवर किती लोक दिसतात. प्रोजेक्ट दहा वर्षांचा जुना असेल आणि तरी एकही व्हीलचेअर दिसत नसेल तर विचारा की ती माणसं गेली कुठे. जिथे वॉकरवाले, हात थरथरणारे, काठीवाले सगळे बाकीच्यांबरोबर बसलेले दिसतात तिथे माझ्यासारखीला धीर येतो. यांच्या हातातला थरथरणारा चहाचा कप इथे कोणी वळून बघत नाही, ही मला स्विमिंग पूलपेक्षा कितीतरी मोठी सोय वाटते.

माणूस त्यांच्याचकडून घ्यावा लागतो की बाहेरच्या ब्युरोतून आणता येतो? आपली वर्षानुवर्षांची मावशी असेल तर तिला येऊ देतात का? बारा तासांची असेल तर ठीक, चोवीस तासांची असेल तर ती झोपणार कुठे, जेवणार कुठे, अंघोळ कुठे करणार? एक बेडरूमचा फ्लॅट असला की ती हॉलमध्ये झोपते आणि मग दोघांनाही, तिलाही, मोकळं वाटत नाही. म्हणून परवडत असेल तर छोटी का होईना दुसरी खोली असलेला फ्लॅट घ्या, पाहुण्यांसाठी आहे असं तुम्ही म्हणाल, पण पुढेमागे ती मावशींची खोली होणार आहे. दिवसभर आपलं अंग सावरणाऱ्या बाईला पाठ टेकायला नीट जागा मिळाली पाहिजे, नाहीतर ती टिकत नाही आणि का टिकावी.

फ्लॅट मोजा, नुसता बघू नका

महारेराने, म्हणजे बिल्डरांच्या प्रोजेक्टवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी आदर्श मार्गदर्शक सूचना काढल्यात. दारं निदान 900 मिलिमीटर रुंद, आवारात रॅम्प, व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट, बाथरूममध्ये धरायला दांडे आणि न घसरणाऱ्या टाइल्स, असं बरंच त्यात आहे, आणि महत्त्वाचं म्हणजे या तरतुदी विक्री करारातपण असल्या पाहिजेत. त्यामुळे नवीन प्रोजेक्टवाला ज्येष्ठांसाठी म्हणून विकत असेल तर करारात हे कुठे लिहिलंय ते दाखवा म्हणा. जुन्या प्रोजेक्टमध्ये आपणच टेप घेऊन मोजायचं. व्हीलचेअर पूर्ण वळायला साधारण दीड मीटर म्हणजे पाच फुटांचं वर्तुळ लागतं, बेडरूममध्ये आणि बाथरूममध्ये तेवढी मोकळी जागा निघते का? पलंगाच्या दोन्ही बाजूंनी माणूस उभा राहू शकतो का? भिंतीला चिकटवलेल्या पलंगावर आजारी माणसाला कूस बदलून देताना कंबर मोडते. दांडे लावलेले असतील तर नुसते बघू नका, धरून सगळा भार टाकून बघा. बाल्कनीला, बाथरूमला उंबरा नको, पाणी बाहेर येईल म्हणतात, उतार नीट दिला की येत नाही.

पैशाचं

तीन प्रकार असतात. एक, फ्लॅट विकत घ्यायचा, रजिस्ट्रेशन होतं, मालकी आपली. दोन, मोठं डिपॉझिट भरून राहण्याचा हक्क घ्यायचा, मालकी त्यांची, सोडताना किंवा आपल्यानंतर डिपॉझिट ठरल्याप्रमाणे काही कापून परत. तीन, भाड्याने. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार रजिस्टर करावाच लागतो, तो करा. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष भाड्याने मिळत असेल तर तसंच राहून बघा, बऱ्याच मोठ्या प्रोजेक्टमध्ये मालकांचे रिकामे फ्लॅट भाड्याने असतात.

विकत घेताना महारेराच्या साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाकून बघा, फुकट आहे, नातवाला सांगितलं तर पाच मिनिटांत काढून देईल. करार रजिस्टर होण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, आणि ताबा मिळाल्यापासून 5 वर्षं बांधकामातले दोष त्याने दुरुस्त करून द्यायचे असतात. पण लक्षात घ्या की रेरा मुख्यतः बांधकामाचं आणि कराराचं बघतं, नर्स वेळेवर येते का ते रेरा बघत नाही. म्हणून केअरचा, जेवणाचा, मेंटेनन्सचा वेगळा सर्व्हिस करार असेल तर तो विक्री कराराइतकाच बारकाईने वाचा, आणि तो कोणाबरोबर आहे ते बघा. बिल्डरबरोबर, सोसायटीबरोबर की तिसऱ्याच कंपनीबरोबर? ती कंपनी निघून गेली तर?

जुनं घर विकून जाणाऱ्यांनी हे नीट वाचा. राहतं घर विकून झालेल्या नफ्यातून ठरलेल्या मुदतीत, म्हणजे तयार घर घेत असाल तर विक्रीनंतर 2 वर्षांत, दुसरं घर विकत घेतलं तर त्या नफ्यावर टॅक्सची सवलत मिळते. पण डिपॉझिट भरून राहायला जाणं ही घराची खरेदी होत नाही, त्यामुळे डिपॉझिटवाल्या ठिकाणी जाणार असाल तर डोंबिवलीचा, दादरचा फ्लॅट विकण्याआधी सीएकडे जाऊन या, विकल्यानंतर नाही.

महिन्याचा खर्च काढताना मेंटेनन्स, जेवण, वीज, औषधं हे सगळे धरतात, मदतनिसाचा पगार धरत नाहीत, आणि सगळ्यात मोठा आकडा तोच असतो. दोन बजेट काढा, एक आत्ताचं आणि एक चोवीस तास माणूस असेल तेव्हाचं, दुसरं झेपत असेल तरच ती जागा तुमची. चार्जेस दरवर्षी किती वाढवायचे ते करारात आहे का? आज महिना 25,000 लागत असतील आणि दरवर्षी 8 टक्के वाढ धरली तर नऊ वर्षांत ते 50,000 होतात. पोस्टाच्या सीनियर सिटिझन स्कीममध्ये एकाला 30 लाखांपर्यंत ठेवता येतात, 2025 मधल्या 8.2 टक्क्यांच्या दराने तिमाहीला 61,500 रुपये येतात, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार. हे व्याज वाढत नाही आणि खर्च वाढतो, म्हणून सगळं व्याज पहिल्या वर्षापासून खर्चात धरू नका.

मेडिक्लेमवर भिस्त ठेवून घरच्या अटेंडंटचा हिशोब करू नका, तो खर्च साधारणपणे मिळत नाही. 70 च्या पुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंत हॉस्पिटलचे उपचार मिळतात, उत्पन्नाची अट नाही, ते काढून ठेवा, पण तेही दवाखान्यातल्या उपचारांसाठी आहे, घरच्या मावशींसाठी नाही.

आणि जुनं घर विकून आलेल्या पैशातून मुलांना द्यायचं असेल तर आधी आपली पुढची वीस वर्षं बाजूला काढा, मग उरलेलं द्या. काही मालमत्ता बक्षीसपत्राने देणार असाल तर माझा सांभाळ करायचा ही अट त्या दस्तातच लिहून घ्या. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 मध्ये अशी अट मोडली तर तो दस्त रद्द करून मागता येतो, प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात जावं लागतं. आपली मुलं चांगली आहेत म्हणून लिहायचं नाही असं नसतं, चांगल्या मुलांना लिहिलेल्याचा त्रास होत नाही.

दोघांपैकी एक राहिल्यावर

यावर जोडपी बोलतच नाहीत. अहो, बोला. फ्लॅट किंवा डिपॉझिट दोघांच्या नावावर ठेवा, बँकेचं खातं दोघांपैकी कोणालाही चालवता येईल असं ठेवा, सर्व्हिस करारात एक माणूस उरल्यावर चार्जेस कमी होतात का ते लिहून घ्या, मोठ्या फ्लॅटमधून छोट्यात जायची सोय आहे का ते विचारा. वारसांचंही बघा. अशा ठिकाणी राहणाऱ्याला वयाची अट असते, कुठे 55 कुठे 60, त्यामुळे आपला चाळिशीतला मुलगा मालक होऊ शकतो पण तिथे राहू शकत नाही, आणि विकायचा झाला तर गिऱ्हाईकही त्याच वयाचं शोधावं लागतं, ट्रान्सफर फी असते. डिपॉझिट असेल तर ते किती दिवसांत परत, कोणाला, आणि नवीन माणूस येईपर्यंत थांबवून ठेवतात का?

मृत्युपत्र करा, स्टँप पेपर लागत नाही, दोन साक्षीदार लागतात. आणि लिव्हिंग विलपण करा, म्हणजे बरं होण्याची आशा नसताना व्हेंटिलेटरवर ठेवायचं की नाही हे आपणच आधी लिहून ठेवायचं. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये त्याला मान्यता दिली आणि 2023 मध्ये पद्धत सोपी केली, आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरकडून करून घेता येतं. त्याची एक प्रत नर्सिंग स्टेशनच्या फाइलमध्ये असू दे. मुलं अमेरिकेत, तिथे मध्यरात्र, इथे आयसीयूबाहेर सही कोण करणार हा प्रश्न येतोच, तर पुण्यातलाच एक भाचा, पुतणी, मैत्रीण, कोणीतरी ठरवा, त्यांना विचारून, आणि त्यांचा नंबर ऑफिसला देऊन ठेवा.

राहून बघा

सही करण्याआधी तिथे आठपंधरा दिवस राहा, बहुतेक ठिकाणी गेस्ट रूम असते, आणि जमलं तर पावसाळ्यात राहा, रस्ता, लाइट, ओल, सगळं तेव्हाच कळतं. डायनिंग हॉलमध्ये नाश्ता, दोन्ही जेवणं करा. पहिल्या दिवशी सगळीकडेच श्रीखंड असतं, पाचव्या दिवशीची भाजी बघा. मऊ भात, बिनतिखटाचं वरण, भाकरी, उपासाचं, शुगरवाल्यांचं वेगळं करतात का, कवळी काढून ठेवलेल्या माणसाला खाता येईल असं काय असतं, आजारी असताना डबा घरपोच देतात का आणि त्याचे वेगळे पैसे लावतात का. आणि कर्मचारी किती वर्षं टिकलेत ते बोलताबोलता विचारा. नर्स, स्वयंपाकी, हाउसकीपिंगच्या मुली जुन्या असतील तर ती जागा चांगली चालते असं मी समजते, मॅनेजर कितीही गोड बोलत असला तरी.

कधी जायचं हे सगळे विचारतात. माझं उत्तर, पायऱ्या चढता येतायत, नवीन नावं लक्षात राहतायत तेव्हा. ओळखी व्हायला वेळ लागतो, पत्ते खेळायचा ग्रुप, भजनी मंडळ, सकाळी बरोबर फिरणारी एखादी, हे सगळं आधी झालेलं असलं की मग आजारपणात लोक आपणहून दार वाजवतात. अंथरुणाला खिळल्यावर आणलेल्या माणसाला फक्त नर्स ओळखते, शेजारी नाही.

मुलांना एक विनंती, आईबाबांना न सांगता बुकिंग करू नका. त्यांना दोन-तीन जागा दाखवा, नको म्हटलं तर थांबा, सहा महिन्यांनी परत विषय काढा.

गेल्यावर पहिल्या आठवड्यात करायची कामं: औषधांची यादी, अ‍ॅलर्जी, डॉक्टरांचा, मुलांचा नंबर असा एक कागद फ्रीजच्या दारावर आणि तोच नर्सकडे. आधार, बँक, पेन्शन, मेडिक्लेम सगळीकडे पत्ता बदला, मतदार यादीतपण. 70 च्या पुढे असाल तर बँकेत घरपोच सेवेसाठी अर्ज करून ठेवा. पेन्शनवाल्यांनी नोव्हेंबरमधल्या हयातीच्या दाखल्याचं ऑफिसला विचारून घ्या, चेहरा दाखवून मोबाइलवर होतो आता, पार्किन्सन्समुळे यांच्या बोटांचे ठसे नीट उमटत नाहीत त्यामुळे आम्ही तसाच करतो. आणि 14567 हा ज्येष्ठांचा हेल्पलाइन नंबर फोनमध्ये सेव्ह करा, तक्रार कुठे करायची कळेनासं झालं तर सकाळी 8 ते रात्री 8 तिथे फोन लागतो.